ट्रंकेतले चांदोबा आणि एक हरवलेला अंक

मिरजकरीण

आमचं मिरजेचं घर या दिवाळीनंतर रिकामं करून द्यायचं आहे. आई दोन वर्षांपासून भावाकडे सांगलीला असते, त्यामुळे घर नुसतंच बंद. गेल्या शनिवारी आम्ही दोघं माळा उपसायला गेलो. तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या असं एकेक खाली आलं आणि शेवटी हिरवी पत्र्याची ट्रंक. कडी इतकी गंजली होती की भावाला हातोडी घ्यावी लागली. वर आईचं एक इरकल, त्याखाली वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्याखाली चांदोबा मासिकाचे जुने अंक. मी तिथेच फरशीवर बसले, ती दिवेलागणीला उठले.

मोजदाद केली ती अशी : चांदोबा ६४, किशोर ३८, इंद्रजाल कॉमिक्स ९. शिवाय कव्हरं गेलेले दोन-तीन दिवाळी अंक, ते कुठले हे आता ओळखू येत नाही.

बाबा पोस्टात होते, टपालाच्या वर्गवारीला. चांदोबा यायचा मद्रासहून, वडपळणीहून. अंकाभोवती खाकी कागदाची पट्टी गुंडाळलेली आणि त्या पट्टीवर माझं नाव. बाबांनी वर्गणी त्यांच्या नावावर भरली नव्हती, माझ्या नावावर भरली होती. मी तेव्हा आठ वर्षांची. घरात येणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक मनीऑर्डर, लग्नाची प्रत्येक पत्रिका बाबांच्या नावानं यायची. माझ्या नावानं येणारी ही पहिली आणि एकमेव गोष्ट. ती टपालाच्या पोत्यातून निघायची ती बऱ्याचदा बाबांच्याच हातात. संध्याकाळी घरी येताना पिशवीत घालून आणणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी एकदाही तसं केलं नाही. "तुझं टपाल आहे, तुला पोस्टमनच आणून देईल," म्हणायचे. मग मी शाळेतून आले की ओट्यावर बसून पोस्टमनची वाट बघायची. बाबांना आदल्या दिवशीच माहीत असायचं की अंक आलाय, पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत.

सहा अंक झाले की ते दाभणानं टोचून, सुतळीनं शिवून, खळ लावून पुठ्ठा चढवायचे. मी एक वही ठेवली होती, कोण कुठला अंक घेऊन गेलं त्याची. गल्लीतली अकरा मुलं त्या वहीत आहेत. ती वहीही ट्रंकेत मिळाली. माझं अक्षर, निळी शाई, काही ठिकाणी पुसट. प्रत्येक नावापुढे 'परत' असं लिहून खाली रेघ. फक्त एका ओळीपुढे काही नाही : चांदोबा, जुलै १९७८. माझी मैत्रीण घेऊन गेली होती. तिचे वडील रेल्वेत होते, बदली अचानक झाली आणि आठवडाभरात त्यांचं क्वार्टर रिकामं. तिच्यावर मी कधीच रागावले नाही, सामानाच्या गडबडीत राहून गेला असेल. पण त्या अंकातली विक्रम-वेताळाची गोष्ट मी अर्धीच वाचलेली होती. राजानं काय उत्तर दिलं ते मला आजतागायत ठाऊक नाही.

जुलै ते डिसेंबर ७८ चा गठ्ठा मी ट्रंकेतून काढला. तो ऑगस्टपासून सुरू होतो. पण पुठ्ठ्याच्या आत, पहिल्या जागी, बाबांनी दुमडलेल्या खाकी कागदाची पट्टी शिवून ठेवली आहे. जुलैचा अंक परत आला तर तिथं चिकटवता यावा म्हणून जागा राखलेली. हे मला माहीतच नव्हतं. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

माझे प्रश्न दोन. हे सगळं आता कसं जपायचं? बऱ्याच अंकांचा कागद तपकिरी होऊन कडा तुटायला लागल्यात. आणि तुमच्याकडे काय यायचं, कुणाच्या नावानं यायचं, त्या अंकांचं पुढं काय झालं? सविस्तर लिहा. मला सगळं वाचायचंय.


अनवट

पट्टीवरचं नाव! आमच्याकडे ते वडिलांचं असायचं, म्हणून आधी कुणी वाचायचं यावरून आम्हा तिघा भावंडांत दरमहा भांडण. शेवटी आईनं नियम केला की पट्टी जो न फाडता सोडवेल त्यानं आधी वाचायचं. त्या पट्ट्या मग आम्ही पुस्तकात खूण म्हणून वापरायचो. अंक रद्दीत गेले. मी अकरावीला बाहेरगावी गेलो आणि त्या वर्षी घराला रंग दिला, त्यात गेले. तागडीत किती भरले तेही आईला आठवत नाही. पट्ट्या मात्र अजून तीन आहेत माझ्याकडे.


बेळगावी_कुंदा

ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून लिहायला बसलोय.

आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहायचो. भिंतीला भिंत लावून एक कन्नड कुटुंब. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. माझ्याकडे मराठी चांदोबा, त्याच्याकडे कन्नड चंदमामा. मुखपृष्ठ तेच, आतली चित्रं तीच, फक्त अक्षरं वेगळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोन्ही अंक पायरीवर शेजारी-शेजारी उघडून ठेवायचो. मी एक ओळ वाचायची, त्यानं त्याची ओळ वाचायची. राजाचा घोडा दिसला की मी 'घोडा' म्हणायचं, तो 'कुदुरे'. विक्रमाचं नाव दोन्हीकडे एकच, म्हणून आम्ही सगळ्यात आधी तो शब्द एकमेकांच्या लिपीत ओळखायला शिकलो. तिथून 'व' मिळाला, 'क' मिळाला, 'म' मिळाला. शाळेत कन्नड लागायच्या आधीच मला वाचता यायला लागलं होतं. आमच्या गावात भाषेवरून काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पायरीवर आम्हा दोघांना त्यातलं काहीच शिवलं नाही.

पुढे मोठेपणी मी या मासिकाचा मागोवा घेतला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी ते मद्रासहून जुलै १९४७ मध्ये काढलं. स्वातंत्र्य मिळायच्या महिनाभर आधी. सुरुवात तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत, तमिळमध्ये नाव 'अंबुलिमामा'. मग कन्नड, हिंदी अशा आवृत्त्या वाढत गेल्या, आपला मराठी चांदोबा १९५२ चा. गोष्टी आधी तेलुगूत तयार व्हायच्या आणि तिथून बाकीच्या भाषांत जायच्या. कोडवटिगंटी कुटुंबराव हे तेलुगूतले मोठे लेखक १९५२ पासून १९८० मध्ये जाईपर्यंत संपादनाचं काम बघत होते. आपण ज्या मांत्रिकांच्या आणि राक्षसांच्या क्रमशः गोष्टींसाठी महिनाभर जीव टांगणीला लावायचो, त्यातल्या कितीतरी दासरी सुब्रह्मण्यम यांच्या. पण लेखकाचं नाव अंकात नसायचंच. त्यामुळे ज्यानं आपलं बालपण घडवलं त्याचं नाव मला चाळिशीत कळलं. ते कळलं त्या दिवशी मी खरंच वहीत लिहून ठेवलं.

आणि विक्रम-वेताळ. मूळ संस्कृत वेताळपंचविंशतीत गोष्टी पंचवीस. चांदोबानं त्या संपल्यावरही चौकट तशीच ठेवली आणि आत दर महिन्याला नवी गोष्ट घातली, कित्येक दशकं. सुरुवात ठरलेली : राजा हट्ट सोडत नाही, झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतो, मुकाट्यानं स्मशानाकडे चालू लागतो. शेवटही ठरलेला. आमच्या पिढीच्या डोक्यात खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला जो राजा आहे, तो के. सी. शिवशंकरन यांनी काढलेला. 'शंकर' नावानं चित्रं काढायचे. २०२० मध्ये गेले, नव्वदीच्या पुढचे होते.

आता मुद्द्याचं. शेजारचं कुटुंब धारवाडला गेलं तेव्हा त्या मित्रानं त्याचे कन्नड अंक मला देऊन टाकले. दोन खोकी आहेत. ७७, ७८, ७९ त्यात नक्की आहेत, सलग आहेत का ते बघावं लागेल. जुलै ७८ शोधतो. थोडा वेळ द्या, खोकी थोरल्या बहिणीच्या घरी आहेत.


मिरजकरीण

कुंदा, मला काय लिहावं सुचत नाही. वाट बघते. घाई करू नका.


वेताळटेकडी

तुमच्या नऊ इंद्रजालांवर डोळा ठेवून लिहितोय. :)

मी पुण्यात वाढलो. आमच्या आळीत एका काकांची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, म्हणजे खरं तर जिन्याखालची जागा आणि दोन मांडण्या. इंद्रजाल दिवसाच्या भाड्यानं मिळायचं. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० मध्ये बंद. त्यातला वेताळ, म्हणजे जंगलातला मुखवटेधारी फँटम (विक्रमाचा वेताळ नव्हे), हा आमचा मुख्य देव. खोपडीची अंगठी, त्याच्या मित्राचा, गुरनचा, ढोलांवरून निरोप, चारशे वर्षांची परंपरा, बापाकडून मुलाकडे. जादूगार मँड्रेक होता, पण मला त्याच्यापेक्षा त्याचा साथीदार लोथार आवडायचा. १९७६ मध्ये बहादूर आला. आबिद सुरती यांनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला, कुर्ता आणि जीन्स घातलेला आपल्याकडचा नायक. चंबळच्या डाकूंच्या टोळ्या, गावाचं संरक्षक दल. पहिल्यांदा असं वाटलं की ही गोष्ट आपल्या इथं, एसटीनं जाता येईल अशा गावात घडतेय.

आम्ही पाच जण मिळून एक अंक आणायचो. भाडं पाचात वाटून. मग तो एका दिवसात पाच घरं फिरायचा. दुपारी दोन ते तीन माझी पाळी. माझ्यानंतर ज्याची पाळी तो दारात येऊन उभा राहायचा आणि शेवटची चार पानं मी त्याच्या श्वासाच्या आवाजात वाचायचो. आज कुठलंही पुस्तक कधीही मिळतं, पण त्या चार पानांइतकं लक्ष देऊन मी पुन्हा काहीच वाचलेलं नाही.

संग्रह असा काही झाला नाही. भाड्याचेच अंक. लायब्ररी बंद झाली तेव्हा काकांनी उरलेले अंक आम्हा मुलांना बोलावून वाटून दिले. माझ्या वाट्याला चौदा आले होते. त्यातले अकरा आहेत.


आजोळ

मी या धाग्यावर वयानं सगळ्यात मोठा असेन, ८१ चालू आहे. माझ्या वडिलांच्या लहानपणी 'आनंद' यायचा. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेलं मासिक. त्याच्याही आधी १८८१ पासून विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' होतं, ते माझ्या पणजोबांच्या घरातल्या कपाटात मी पाहिलेलं आहे. लहान आकार, बारीक टाइप, चित्रं फारच कमी. वडील सांगायचे की थोर माणसांची चरित्रं त्यांनी शाळेत नव्हे, 'आनंद'मध्ये वाचली. मी स्वतः चांदोबाच्या पहिल्या पिढीचा. आमच्या घरी तो आला तेव्हा वडिलांना रंगीत चित्रं बघून धक्का बसला होता. त्यांनी अंक उलटून-पालटून पाहिला, छपाईची तारीफ केली आणि मग मला दिला. मुलांसाठी एवढा खर्च कुणी करतं, याचंच त्यांना अप्रूप वाटलं होतं.

लिहायला हात थरथरतो म्हणून थोडक्यात. वाचतोय सगळं.


सकाळची_लोकल

मला चांदोबा आवडायचाच, पण मुलगी म्हणून एक बोलायचंय. त्यात राजकन्या म्हणजे बक्षीस. राक्षस मारला की अर्धं राज्य आणि राजकन्या. माझ्या आईला मी सातवीत असताना विचारलं होतं की राजकन्येला कुणी विचारलं का? आई म्हणाली, गोष्ट आहे ती. माझं समाधान झालं नाही. किशोरमध्ये मला माझ्यासारख्या मुली भेटल्या. सायकल चालवणाऱ्या, मैदानावर जाणाऱ्या, प्रयोग करणाऱ्या. म्हणून माझं मन किशोरकडे जास्त ओढ घेतं. दोन्ही एकाच ट्रंकेत असले तरी ते एकसारखे नव्हते, एवढंच म्हणायचंय.


मिरजकरीण

लोकल, अगदी बरोबर बोललीस. मी पण अंक चाळताना तेच बघत होते. पण चांदोबातल्या म्हाताऱ्या बायका आठव. गावात चोर पकडणारी आजी, न्यायाधीशाला गप्प करणारी सून. हुशारीच्या गोष्टीत बायका होत्या, पराक्रमाच्या गोष्टीत नव्हत्या. आता वाचताना हे लख्ख दिसतं. तेव्हा मी स्वतःला राजकन्या कधी समजलेच नाही, मी विक्रमच व्हायची. खांद्यावर उशी टाकून अंगणात फिरायची.


बालाघाट

बराच वेळ विचार केला लिहावं की नाही.

तुमचा सगळ्यांचा धागा वाचून बरं वाटतंय आणि पोटात तुटतंयही. आमच्या घरी एकही अंक कधी विकत आला नाही. बीड जिल्ह्यातलं गाव, आई-बाप वर्षातले सहा महिने ऊसतोडीला, मी आजीजवळ. संग्रह, ट्रंक, पट्टीवर नाव, हे शब्द मला इथंच कळतायत.

पण किशोर मी वाचलाय. शाळेत यायचा. बालभारतीचा, सरकारी, म्हणून शाळेकडे यायचा आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात कुलपात जायचा. पोरं फाडतील म्हणून. काचेतून कव्हरं दिसायची. एक अंक दिवाळीचा होता, त्याच्यावर आकाशकंदील, तो मी वर्षभर काचेतून बघितला. सातवीत असताना नवीन गुरुजी आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाटाची किल्ली मागून घेतली आणि ती माझ्याकडे दिली. मला म्हणाले, तू रोज दुपारी उघडायचं, वाचायला द्यायचं, मोजून परत ठेवायचं. का मलाच दिली माहीत नाही. मी बहुतेक रोज काचेला नाक लावून उभा असायचो म्हणून.

त्या वर्षात मी १९७१ पासूनचे जेवढे अंक होते तेवढे वाचले. १४ नोव्हेंबर १९७१ ला, बालदिनाला सुरू झालेलं मासिक, पहिले संपादक वसंत शिरवाडकर, हे मी तिथंच पाठ केलं. मोठमोठे लेखक आमच्यासाठी लिहितात हे पाहून मला कसंतरीच व्हायचं. म्हणजे पुस्तकात ज्यांचे धडे होते ते लोक जिवंत आहेत आणि या महिन्यात त्यांनी काहीतरी नवीन लिहिलंय! एकही अंक फाटला नाही. एक ओला झाला होता, तो मी उन्हात पान-पान सुटं करून वाळवला.

मी आज शिक्षक आहे. आमच्या शाळेत कपाटाला कुलूप नाही. पानं फाटतात. डिंक आणि कात्री टेबलावरच ठेवलीय, पोरं स्वतः चिकटवतात.

मिरजकरीण ताई, तुमच्या वहीतली अकरा मुलं वाचून मला ती किल्ली आठवली.


अनवट

बालाघाट, तुमचा प्रतिसाद मी बायकोला आणि मुलीला मोठ्यानं वाचून दाखवला.


म्हापसेंकार

आमच्याकडे गोव्यात मराठी मासिकं मिळायची, पण मला आठवतात ते मुंबईच्या मावशीनं आणलेले अंक. मे महिन्यात ती आगबोटीनं यायची, भाऊच्या धक्क्यावरून रात्रभर प्रवास करून पणजीला. आम्ही सगळे धक्क्यावर न्यायला जायचो. तिच्या वळकटीत वर्षभराचे अंक बांधलेले असायचे, मावसभावानं वाचून झालेले. म्हणजे आम्हाला दिवाळी अंक मे महिन्यात मिळायचा आणि क्रमशः गोष्टीचे बाराही भाग एकदम. जीव टांगणीला लागण्याची जी मजा तुम्ही लिहिता ती आम्हाला नव्हती. आमची मजा वेगळी : फणस, पाऊस यायची वाट आणि माजघरात पालथं पडून एका बैठकीत अख्खी कादंबरी. त्या अंकांना खारी हवा लागलेली असायची, पानं थोडी चिकट. तो वास मला अजून ओळखता येईल.


निवृत्त_ग्रंथपाल

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून मी देतो. चौतीस वर्षं हेच काम केलं.

कागद तपकिरी का होतो? मासिकांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन राहतं. उजेड आणि हवेनं ते बदलतं, कागदात आम्ल तयार होतं आणि तंतू तुटायला लागतात. ट्रंक बंद होती, अंधारात होती, म्हणूनच तुमचे अंक इतके टिकले. आता सगळ्यात मोठा धोका तुमचं प्रेम आहे. रोज काढून चाळू नका, आणि उन्हात तर अजिबात टाकू नका. बालाघाट यांनी ओला अंक वाळवला ते ठीक, पण जुना कोरडा कागद ऊन सहन करत नाही. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पंखा लांब ठेवून दोन दिवस मोकळे ठेवा.

पिना गंजल्या असतील तर त्या हळूच वर उचलून काढा, ओढू नका. गंज कागद खातो. पिनेच्या जागी साधा सुती दोरा. बाबांनी सुतळीनं शिवलेले गठ्ठे मात्र उसवू नका. त्या शिलाईला धक्का लावायचा नाही. चिकटपट्टी कुठेही, कधीही लावू नका. पाच-सात वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो आणि अक्षरासकट कागद घेऊन येतो. फाटलेल्या जागी पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत होती, कीड लागू नये म्हणून, पण घरी ते करू नका, विषारी असतं.

कसर दिसली का? म्हणजे चंदेरी, चपळ किडे. असतील तर प्रत्येक गठ्ठा वेगळ्या धुतलेल्या सुती कापडात बांधा. आपल्याकडे पोथ्या तशाच बांधत आले आहेत. कापडात वेखंडाचे तुकडे ठेवा, कडुलिंबाची वाळलेली पानंही चालतात, फक्त कागदाला थेट लागता कामा नयेत. डांबराच्या गोळ्या नकोत. ट्रंक परत वापरायची असेल तर आतला गंज घासून, रंग देऊन, महिनाभर वाळू द्या. आणि जमिनीवर ठेवू नका, खाली दोन विटा. वाळवी जमिनीतून येते.

द्यायचे असतील तर आधी यादी करा : मासिक, महिना, साल, पानं पूर्ण आहेत का. जुन्या नियतकालिकांची कदर असणारी ग्रंथालयं आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचं. यादी घेऊन जा, अंक घेऊन नव्हे. त्यांच्याकडे कुठले नाहीत ते ते सांगतील. किशोरची चिंता करू नका, बालभारतीनं पहिल्या अंकापासूनचे सगळे अंक स्कॅन करून संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. चांदोबाची गोष्ट निराळी. मासिक नव्वदीच्या शेवटी बंद पडून पुन्हा सुरू झालं, २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक कंपनीनं घेतलं आणि २०१३ नंतर नव्यानं काही आलं नाही. म्हणून चांदोबाचे ६४ आधी सांभाळा.

देवघेवीची वही कुणालाही देऊ नका. ती घरातच ठेवा.


दूरदेशी

किशोरचा संग्रह खुला आहे हे मला माहीत नव्हतं! इथं (अमेरिकेत) रात्री दोन वाजेपर्यंत बसून मी १९८४ चा दिवाळी अंक शोधून काढला. त्यात माझ्या शाळेच्या वर्गात मोठ्यानं वाचलेली कविता आहे, तेच पान, तेच चित्र. कोपऱ्यात कुणीतरी पेनानं केलेली खूणही स्कॅनमध्ये आलीय.

माझा मुलगा आठ वर्षांचा. भारतातून 'चिकूपिकू' हे मुलांचं मासिक मागवतो, आधी सासूबाई 'वयम्' मासिक पाठवायच्या. मराठी वाचायला कुरकुर करतो. हा धागा वाचून मी काल वर्गणी नव्यानं भरली आणि नावाच्या जागी त्याचं नाव घातलं. पाकीट यायला वेळ आहे. आल्यावर इथं लिहीन.


बालाघाट

निवृत्त ग्रंथपाल सर, वेखंडाचं आमच्या शाळेतही करून बघतो. कसर आहेच.


बेळगावी_कुंदा

सापडला.

जुलै १९७८, कन्नड चंदमामा. मुखपृष्ठाचा कोपरा उंदरानं खाल्लाय, आत सगळं शाबूत आहे. विक्रम-वेताळ पूर्ण आहे, शेवटच्या ओळीपर्यंत. ताई, मी उत्तर वाचलं, पण इथं लिहीत नाही. ते तुम्ही आधी ऐकायचं. आधी तुम्ही सांगा की कुठवर वाचलं होतं, म्हणजे हीच ती गोष्ट का ते पक्कं होईल.


मिरजकरीण

तीन मुलगे, म्हातारा बाप, आणि धाकटा वाटणी घ्यायला नकार देतो. तिथवर.


बेळगावी_कुंदा

तीच.

फोटो काढून पाठवतो, पण कन्नड तुम्हाला वाचता येणार नाही. म्हणून असं करू : रविवारी दुपारी मी फोन करतो. एक वाक्य कन्नडमध्ये वाचतो, मग मराठीत सांगतो. तुम्ही लिहून घ्या. पायरीवर आम्ही असंच करायचो.


निवृत्त_ग्रंथपाल

लिहून घेताना पेन्सिल वापरा किंवा काळी शाई. जेल पेन नको, पुष्कळदा पाण्यानं फुटतं. कागद वहीचा नको, हातकागद मिळाला तर उत्तम. आकार अंकाएवढा कापून घ्या.


मिरजकरीण

हातकागद आणला. बाबांनी राखलेली खाकी पट्टी मोजली, अर्ध्या बोटाच्या जाडीची आहे, आठ पानं सहज बसतील. खळ भाऊ करणार आहे, त्याला बाबांच्या हाताचं प्रमाण आठवतं म्हणे. वहीतल्या त्या ओळीपुढची जागा मी तशीच मोकळी ठेवतेय, तो अंक मैत्रिणीकडेच आहे.

कुंदा, रविवारी तीननंतर फोन करा. आई पण येऊन बसणार आहे. ती विचारतेय, मधूनमधून कन्नड कळलं नाही तर पुन्हा सांगतील ना?